डबा कुणाचा? छोट्या रेल्वेडब्यांची डागडुजी आणि इतिहासाचा एक प्रश्न

या मालेतली आमची आधीची व्याख्याने ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना आजचा विषय वाचून जरा नवल वाटले असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस खेळण्यातल्या रेल्वेवर काय बोलणार? घरातही हाच प्रश्न निघाला होता. पण श्रोतेहो, तासभर थोडा धीर धरा. एक वीतभर लांबीचा प्लास्टिकचा डबा आपल्याला इंग्लंडच्या सामाजिक इतिहासातून फिरवून आणतो आणि शेवटी अशा प्रश्नापाशी नेऊन सोडतो, ज्याचे उत्तर आम्हाला अजून पूर्ण सापडलेले नाही. आमच्या हातून एक चूक झाली, तीही आज सांगणार आहोत. खरे तर ती चूक झाली म्हणूनच हे व्याख्यान आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे मुलीकडे इंग्लंडात राहायला गेलो होतो. तिथे गावोगावी शनिवार-रविवारी मॉडेल रेल्वेची प्रदर्शने भरतात. शाळेचा हॉल, चर्चचा हॉल, टेबलांवर मांडलेल्या रेल्वे, कोपऱ्यात चहा आणि केक, आणि भिंतीकडेला जुन्या मालाची दुकाने. अशाच एका टेबलावर बुटाच्या खोक्यात आम्हाला एक डबा मिळाला. मिडलंड रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचा डबा, प्लास्टिकच्या किटमधून कुणीतरी घरी जोडलेला. छप्पर वाकडे, एक चाक गायब, गोंदाचे ओघळ खिडक्यांवर आलेले, आणि रंग तर पार चुकलेला. विकणाऱ्या आजोबांनी तो जवळजवळ फुकटच दिला.

किट म्हणजे काय, तेही सांगायला हवे, कारण आपल्याकडे हा प्रकार फारसा रुळलेला नाही. तयार डबा विकत न घेता त्याचे सुटे भाग घ्यायचे: दोन लांब बाजू, दोन टोके, तळ, छप्पर, चाके, आणि डब्याखालचे असंख्य बारीक तुकडे. ते चौकटीतून कापायचे, कानशीने घासायचे, गुण्या लावून काटकोनात जोडायचे आणि रंगवायचे. एक शब्द इथेच स्पष्ट करू. आपण मराठीत 'बोगी' म्हणतो तेव्हा आपल्याला अख्खा डबा अभिप्रेत असतो. इंग्रजांची बोगी म्हणजे डब्याच्या टोकाखाली असलेला, वळणावर स्वतंत्रपणे फिरणारा चाकांचा गाडा. आमच्या डब्याचे हरवलेले चाक त्या गाड्याचे होते.

आता इतिहासाकडे वळू. छोट्या रेल्वेचा धंदा आधी जर्मनांचा. 1891 साली मेर्कलिन या कंपनीने लायपझिगच्या जत्रेत ठरावीक रुंदीच्या रुळांवर चालणारी खेळण्यातली रेल्वे मांडली. रुळांची रुंदी ठरलेली, म्हणजे आज रूळ घ्या, पुढच्या वर्षी इंजिन, त्याच्या पुढच्या वर्षी डबे. खेळणे विकायचे नाही, मालिका विकायची, ही कल्पना तिथली. इंग्लंडात 1899 साली नॉर्दॅम्प्टनला बॅसेट-लोक ही कंपनी निघाली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने, मेकॅनोच्या त्याच जनकाने, 1920 साली चावीच्या रेल्वेगाड्या बाजारात आणल्या आणि 1938 साली 'हॉर्नबी डब्लो' ही लहान आकाराची मालिका काढली.

या लहान आकारामागे एक गंमत आहे. खऱ्या रेल्वेचा 1 फूट म्हणजे प्रतिकृतीत साडेतीन मिलिमीटर, असे प्रमाण युरोपात रुळले. त्या प्रमाणात रूळ 16.5 मिलिमीटर रुंद होतात, आणि ते बरोबर आहे. पण इंग्लंडातली खरी इंजिने युरोपातल्यांपेक्षा अरुंद आणि बुटकी. साडेतीन मिलिमीटरच्या प्रमाणात केलेल्या इंग्रजी इंजिनात त्या काळची मोटर मावेना. मग इंग्रजांनी तडजोड केली. इंजिने आणि डबे फुटाला 4 मिलिमीटर या प्रमाणात मोठे केले आणि रूळ मात्र 16.5चेच ठेवले. हिशोब करून बघा. खरी रेल्वे 4 फूट साडेआठ इंच रुंदीची, म्हणजे प्रतिकृतीचे रूळ 18.83 मिलिमीटर हवेत. 16.5 मिलिमीटर म्हणजे खऱ्या मापात 4 फूट दीड इंच. थोडक्यात, इंग्लंडातल्या लाखो घरांतली छोटी रेल्वे सात इंच अरुंद रुळांवर धावते आहे. सगळ्यांना हे ठाऊक आहे आणि बहुतेकांनी ते चालवून घेतले आहे. 1960च्या दशकात काही हट्टी मंडळींनी मात्र बरोबर 18.83 मिलिमीटरचे रूळ हाताने घालायला सुरुवात केली. आपल्या ब्रॉडगेजचे सांगायचे तर ती 5 फूट 6 इंच, म्हणजे त्याच प्रमाणात 22 मिलिमीटर. भारतीय डब्यांच्या प्रतिकृती जेव्हा तयार परदेशी रुळांवर ठेवल्या जातात, तेव्हा त्याही अशाच सोयीच्या असत्यावर उभ्या असतात.

सोयीचे असत्य हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डब्यांचे किट कसे आले? प्लास्टिकच्या आधी हौशी माणूस जाड पुठ्ठ्यातून डब्याच्या बाजू कापत असे. खिडक्या धारदार चाकूने एकेक करून काढायच्या, पुठ्ठा शेलॅक लावून कडक करायचा, छप्पर लाकडाचे तासायचे. चौकटीच्या पट्ट्या म्हणून कागदाच्या बारीक फिती चिकटवायच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. साच्यात ओतलेल्या पॉलिस्टायरीनमुळे हजारो डबे एकसारखे आणि स्वस्त निघू लागले. इथला एक प्रसंग आम्हाला फार आवडतो. नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या राँड्झ गावात बाहुल्या बनवणारी रोझबड नावाची कंपनी होती. बाहुल्यांसाठी प्लास्टिक ओतायची यंत्रे होतीच. तिने 1959 साली 'किटमास्टर' नावाने रेल्वेचे किट काढले. पहिले होते स्टीफन्सनचे 'रॉकेट'. मग ब्रिटिश रेल्वेचे त्या वेळचे नवे डबेही आले. दोन-तीन वर्षांत पैशाचे गणित चुकले आणि 1962 साली हे सगळे एअरफिक्स कंपनीकडे गेले. त्यातले काही पोलादी साचे पुढे डॅपॉल या कंपनीकडे आले आणि त्यांतून नंतरही माल निघत राहिला. कंपनी बदलली, खोके बदलले, प्लास्टिकचा रंग बदलला, साचा तोच. म्हणजे एका अर्थाने वस्तू तीच, एका अर्थाने नाही. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे कान टवकारावेसे वाटतात. पण थांबा, आधी आमचा डबा बघू.

मिडलंडचा 48 फुटी डबा 4 मिलिमीटरच्या प्रमाणात 192 मिलिमीटरचा होतो. एक वीत. तो उलटा धरून खालच्या बाजूचे भाग बघायला लागलो, आणि तिथेच आम्ही अडकलो. किटच्या सूचनापत्रात लिहिलेले असते: भाग 14 इथे चिकटवा, भाग 15 तिथे. भाग 14 म्हणजे काय, कशासाठी, हे नसते. आम्हाला सवय अशी की अर्थ कळल्याशिवाय पान उलटायचे नाही. म्हणून एकेका भागाचा इतिहास शोधत बसलो.

पहिला भाग: बाजूच्या उभ्या-आडव्या उठावदार पट्ट्या. डब्याची बाजू सपाट नसते, चौकटी-चौकटींची असते. का? तर सुरुवातीचे डबे घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांनी बांधले. तीन घोडागाड्यांचे साटे एका चौकटीवर ओळीने बसवले की झाला रेल्वेचा डबा. लाकडाचा मोठा पातळ तक्ता उन्हापावसात फाटतो, म्हणून छोटे तक्ते घ्यायचे आणि सांध्यांवर पट्टी मारायची. ती पट्टी शोभेची नाही, सांधा झाकणारी आहे. पुढे मिडलंडने तिला काळा रंग आणि कडेने पिवळी बारीक रेघ दिली, आणि गरजेचा दागिना झाला. प्रतिकृतीवर ती रेघ ओढताना हात थरथरतो, तेव्हा आपण एका सुताराच्या सांध्यावरून पेन चालवत असतो.

दुसरा भाग: डब्याचे छप्पर. छप्पर असण्यात विशेष काय, असे वाटेल. पण तिसऱ्या वर्गाला ते नेहमीच नव्हते. 24 डिसेंबर 1841च्या पहाटे ग्रेट वेस्टर्न रेल्वेची एक मालगाडी सॉनिंगच्या खोल खिंडीत रुळांवर पडलेल्या दरडीत घुसली. तिसऱ्या वर्गाचे उतारू त्या गाडीला जोडलेल्या, वरून उघड्या, बुटक्या कठड्याच्या वाघिणींत होते. ती माणसे बाहेर फेकली गेली. आठ जण जागीच मेले. तिसरा वर्ग कसा प्रवास करतो, याकडे मग सरकारचे लक्ष गेले. ग्लॅडस्टनच्या 1844च्या कायद्याने ठरले की प्रत्येक मार्गावर रोज निदान एक गाडी अशी हवी, जी सगळ्या स्टेशनांवर थांबेल, ताशी सरासरी 12 मैलांपेक्षा हळू जाणार नाही, मैलाला एक पेनीपेक्षा जास्त भाडे घेणार नाही, आणि जिच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत बसायला बाक आणि ऊनपावसापासून आडोसा असेल. आडोसा! तो कायद्याने मागून घ्यावा लागला.

तिसरा भाग: आतले बाक. मिडलंड रेल्वेने 1872 साली आपल्या सगळ्या गाड्यांत तिसऱ्या वर्गाला जागा दिली आणि 1 जानेवारी 1875 पासून दुसरा वर्गच रद्द केला. तिसरा वर्ग गाळला नाही, दुसरा गाळला आणि तिसऱ्याला दुसऱ्याची सुखसोय दिली. जेम्स ऑलपोर्ट हे तेव्हाचे जनरल मॅनेजर. इतर कंपन्यांनी त्यांना वेड्यात काढले, आणि पुढच्या काही दशकांत एकेक करून तेच केले. म्हणून तर इंग्लंडात कित्येक वर्षे पहिला आणि तिसरा असे दोनच वर्ग होते, मधला नाही. 1956 साली तिसऱ्याचे नाव बदलून दुसरा केले. आपल्याकडे तिसरा वर्ग 1974 साली गेला. आमच्या पिढीने त्यातून भरपूर प्रवास केला आहे, लाकडी बाकांवर. त्यामुळे प्रतिकृतीच्या बाकांना निळसर कापडाचा रंग द्यायचा की नुसता लाकडाचा, हा प्रश्न आमच्या दृष्टीने नुसता रंगाचा नव्हता.

चौथा भाग: तळाशी लटकणारा एक गोल डबा. ते ब्रेकचे सिलिंडर. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ रविवारच्या शाळेची सहलीची गाडी चढावर अडकली. गाडी दोन भागांत तोडली, मागचे डबे उतारावरून मागे घसरत सुटले आणि पाठोपाठ येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 माणसे गेली, त्यांत पुष्कळ मुले. त्या गाडीला ब्रेक होता, पण असा की गाडी तुटली की सुटलेल्या डब्यांवर त्याचा काही अंमल राहत नव्हता. त्याच वर्षी कायदा झाला की प्रवासी गाडीला सलग आणि आपोआप लागणारा ब्रेक हवाच. गाडी तुटली तर ब्रेक आपणहून लागला पाहिजे. भाग 14 तो हाच.

पाचवा भाग: लांबट नळकांड्या. त्या गॅसच्या टाक्या. डब्यात दिवे गॅसचे, आणि गॅस डब्याखाली दाबून भरलेला. मिडलंडच्याच मार्गावर 24 डिसेंबर 1910 रोजी हॉज जंक्शनजवळ टक्कर झाली, लाकडी डब्यांनी पेट घेतला आणि 12 माणसे गेली. सप्टेंबर 1913 मध्ये तिथून काही मैलांवर एस गिलला पुन्हा तसेच. आणि 22 मे 1915 रोजी स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिलला सैनिकांची गाडी, जुने लाकडी डबे, खाली गॅसच्या टाक्या. दोनशेहून अधिक माणसे मेली.

बघा, सूचनापत्रात फक्त 'भाग 15, दोन नग' असे असते. तो चिमट्याने उचलून, द्रावकाचा एक थेंब लावून जागेवर बसवायला अर्धे मिनिट लागते. पण आम्हाला त्या टाक्या बसवताना एक दिवस पुढे काही करवले नाही. आधीच्या माणसाने त्या लावल्याच नव्हत्या. चौकटीला तशाच होत्या, पिशवीत. कंटाळा आला असेल, किंवा गोंद संपला असेल.

आता या 'आधीच्या माणसा'कडे येऊ.

मिडलंडचे डबे किरमिजी, गडद लाल. आमच्या डब्याला मात्र वर मलई आणि खाली चॉकलेटी असा रंग दिलेला होता. तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा. मिडलंडच्या डब्याला तो देणे म्हणजे बेस्टच्या बसला एसटीचा रंग देण्यासारखे. इतिहासाच्या दृष्टीने सरळ चूक. (आणि एक गंमत सांगतो, स्वतः ग्रेट वेस्टर्नने 1912 ते 1922 या काळात आपले डबे किरमिजी रंगवले होते. पण उलटे कधी झाले नाही.) एका बाजूचा रंग निदान नीट होता, रेघ सरळ होती. दुसऱ्या बाजूला तर मलई चॉकलेटीत उतरलेली, खिडकीच्या काचेवर आलेली, एका दारावर बोटाचा ठसा उमटलेला. आम्ही ठरवले की हा सगळा रंग काढायचा आणि डबा 'मूळ रूपात' आणायचा.

जुना रंग काढण्याची रीत सोपी आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवायचा, लावून ठेवायचे, मग जुन्या दात घासायच्या ब्रशने हळूहळू घासायचे. पॉलिस्टायरीनला त्याने इजा होत नाही. छप्पर गोंदाने पक्के होते, म्हणून अख्खा डबा बुडवता येत नव्हता, एकेक बाजू घ्यावी लागणार होती. साहजिकच आम्ही जास्त वाईट बाजू आधी घेतली. दोन संध्याकाळी गेल्या. खालचे करडे प्लास्टिक स्वच्छ निघाले, चौकटीची प्रत्येक पट्टी दिसू लागली. खूप समाधान वाटले.

तिसऱ्या दिवशी छपराचा सांधा सुटला. अल्कोहोल आत झिरपले असणार. छप्पर उचलले. आत काड्यापेटीच्या काड्यांचे बाक केलेले होते, त्यांवर वहीचा निळा कागद चिकटवलेला. आणि छपराच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने काही लिहिलेले होते. एक आद्याक्षर मोठ्या माणसाच्या सरळ हाताचे. त्याखाली एक आद्याक्षर लहान मुलाच्या हाताचे, मोठे, एका बाजूला कललेले. त्याखाली 1978.

मग उरलेल्या बाजूकडे पुन्हा पाहिले. नीट रंगवलेली, सरळ रेघेची. ती बाजू मोठ्या माणसाची होती. आणि जी वाईट म्हणून आधी खरवडली, ती कुणाची होती हे सांगायला नको. निदान आमचा तर्क असा आहे. बोटाचा तो ठसाही लहानच होता, हे तेव्हा आठवले. तेव्हा, म्हणजे तो गेल्यावर.

श्रोतेहो, आम्ही वर्गात किती वर्षे थिसिअसचे जहाज शिकवले! प्लुटार्कने सांगितलेली गोष्ट: अथेन्सच्या लोकांनी थिसिअसचे जहाज जपून ठेवले, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले, आणि तत्त्वज्ञांत वाद लागला की ते जहाज तेच की वेगळे. 1655 साली हॉब्जने त्यात आणखी एक पेच घातला: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून पुन्हा जहाज बांधले, तर खरे कुठले? आणि आपल्या मातीतला दाखला तर याहून जुना आणि याहून जवळचा. पाली 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, तू कसा आलास? राजा म्हणतो, रथाने. मग आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? साटा, जू, लगाम? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? उत्तर असे की या भागांच्या आधाराने 'रथ' हे नाव चालते, इतकेच. दरवर्षी आम्ही हे शिकवायचो आणि मुले लिहून घ्यायची. पण त्या दिवशी हातात प्रत्यक्ष साटा, आस आणि चाके घेऊन बसलो होतो, आणि नागसेनाचे उत्तर पुरेना. भागांचा हिशोब पूर्ण होता. एकही भाग हरवला नव्हता, उलट हरवलेले चाकही आम्ही नवीन आणले होते. तरीही काहीतरी नक्की गेले होते.

या ठिकाणी एकोणिसाव्या शतकातला एक वाद मदतीला येतो. फ्रान्समध्ये व्हायोले-ल-द्यूक हे वास्तुकार जुन्या इमारतींची पुनर्बांधणी करत होते. त्यांची भूमिका अशी की पुनर्बांधणी म्हणजे वास्तूला अशा पूर्णत्वाला नेणे, जे कदाचित कुठल्याच काळी प्रत्यक्षात नव्हते. इंग्लंडात जॉन रस्किन यांनी 1849च्या आपल्या ग्रंथात याच्या अगदी उलट मांडले: अशी पुनर्बांधणी हा विध्वंसच, कारण कारागिराचा हात पुन्हा आणता येत नाही. आणि 1877 साली विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. त्या काळी चर्चच्या भिंतींवरचा जुना गिलावा खरवडून आतला 'मूळ' दगड दाखवायची लाट आली होती. त्याविरुद्ध उभी म्हणून या संस्थेला टोपणनावच पडले 'खरवडविरोधी'. आम्ही हे नाव वाचले तेव्हा हसू आले आणि शरमही वाटली. आमच्या हातात दात घासायचा ब्रश होता. 1964च्या व्हेनिस सनदेने पुढे नियमच घातला: जिथे तर्काला सुरुवात होते तिथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे.

खऱ्या डब्यांच्या बाबतीत हा प्रश्न रोज उभा राहतो, हे लक्षात घ्या. 1951 साली वेल्समधली टॅलिलिन रेल्वे स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, 1960 साली इंग्लंडात ब्लूबेल रेल्वे सुरू झाली, आणि जुने डबे वाचवायची चळवळ वाढली. डबे आणायचे कुठून? रेल्वेने मोडीत काढलेल्या लाकडी डब्यांचे साटे शेतकऱ्यांनी, समुद्रकिनाऱ्यावर घर करणाऱ्यांनी विकत घेतले होते. कुठे त्यात कोंबड्या, कुठे माणसांचे तीन पिढ्यांचे संसार. चाके कधीच भंगारात गेलेली. असा साटा आणून दुसऱ्याच गाडीच्या चौकटीवर बसवतात, कुजलेले तक्ते बदलतात आणि 1890च्या रंगात रंगवतात. त्यात कुणाचीच फसवणूक नाही, मेहनत तर अफाट असते. पण ज्या घरात कुणी साठ वर्षे राहिले, ज्या दारावर मुलांच्या उंचीच्या खुणा असतील, ते घर कुठे गेले? डबा वाचवताना घर मोडावे लागले. दोन्ही इतिहासच होते.

इंग्लंडातच पेंडन नावाचे एक संग्रहालय आहे, लाँग विटनम गावात, 1954 पासूनचे. रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण 1925 साली तिथे आला, गवती छपरांची जुनी घरे डोळ्यांदेखत बदलताना त्याने पाहिली, आणि ती 4 मिलिमीटरच्या प्रमाणात पुठ्ठ्यातून जशीच्या तशी करून ठेवायचे ठरवले. एकेका घराला महिनेच्या महिने. तिथे एक जुनी प्रतिकृतीही आहे, जॉन अहर्न यांची 'मॅडर व्हॅली रेल्वे'. ती कुठल्याच खऱ्या जागेची नाही, मनातली आहे. तरीही ती जपली आहे, कारण ती अहर्न यांच्या हातची आहे. एकाच छपराखाली दोन प्रकारची सत्ये: एक, वस्तू कशी होती त्याचे, आणि दुसरे, ती करणारा हात कसा होता त्याचे. पुण्यात कोथरूडमध्ये जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय आहे, 1998 पासून. तिथे मुले गाड्या बघतात आणि म्हातारे हात बघतात. आमचेही आता तसेच झाले आहे.

तर आमची चूक इथे होती. 'मूळ रूप' म्हणताना आम्ही मिडलंडचा खरा डबा डोळ्यांपुढे धरला होता. पण आमच्या हातातला डबा मिडलंडचा नव्हताच कधी. त्याचे मूळ 1978 मधल्या कुठल्यातरी घरातल्या टेबलावर होते. मिडलंडच्या इतिहासाला चूक असलेला रंग, या डब्याच्या इतिहासाला बरोबर होता. त्या घरात बहुधा चॉकलेटी आणि मलई हेच दोन रंग शिल्लक असतील. किंवा त्या मुलाला तेच आवडत असतील. हा तर्क झाला, आणि सनदेप्रमाणे इथे थांबायला हवे.

मग पुढे काय केले? पहिला मोह असा झाला की पुसलेली बाजू पुन्हा तशीच रंगवावी, वेडीवाकडी. दोन दिवस हा विचार केला आणि सोडून दिला. पंचाहत्तरीच्या प्राध्यापकाने लहान मुलाच्या हाताची नक्कल करणे, हे सोयीचेही असत्य नाही, ते नुसतेच असत्य आहे. सात इंच अरुंद रूळ चालतात, कारण ते अरुंद आहेत हे सगळ्यांना ठाऊक असते. नक्कल केलेला वेडावाकडेपणा मात्र खरा म्हणून पुढे गेला असता.

शेवटी असे केले. पुसलेली बाजू मिडलंडच्या किरमिजी रंगात रंगवली, काळ्या पट्ट्या, पिवळी रेघ, जमेल तशी. हात आता पूर्वीइतका स्थिर नाही, रेघ दोन ठिकाणी हलली आहे. ती तशीच ठेवली. दुसरी बाजू, सरळ रेघेची मलई-चॉकलेटी, तिला फक्त मऊ ब्रशने धूळ झटकली. काड्यांचे बाक जागच्या जागी आहेत. ब्रेकचे सिलिंडर आणि गॅसच्या टाक्या पिशवीतून काढून बसवल्या, कारण त्या या किटच्याच होत्या आणि त्यांचा इतिहास आता आम्हाला ठाऊक होता. छप्पर गोंदाने बंद केले नाही, नुसते बसवले आहे. उघडता येते.

आणि छपराच्या आत, त्या दोन आद्याक्षरांना हात न लावता, खाली शिसपेन्सिलीने लिहिले: एक बाजू आम्ही खरवडली, त्यावर आधी कसा रंग होता, दारावर ठसा कुठे होता, ते आठवते तेवढे. पुढे तारीख. इंग्रजीत लिहिले, कारण डबा परत त्याच देशात जाण्याची शक्यता जास्त आहे. आमच्यानंतर तो कुणाच्यातरी बुटाच्या खोक्यात जाईल, पुन्हा एखाद्या हॉलमधल्या टेबलावर. रुळांवर ठेवला की एका वेळी एकच बाजू दिसते, त्यामुळे बघणाऱ्याला तो कधी मिडलंडचा वाटेल, कधी ग्रेट वेस्टर्नचा. त्याला चूक वाटून त्याने रंग काढायला घेण्याआधी छप्पर उचलून बघावे, एवढीच इच्छा.

व्याख्यानाच्या सुरुवातीला म्हणालो होतो, उत्तर पूर्ण सापडलेले नाही. ते खरेच आहे. त्या दोघांच्या परवानगीशिवाय आम्ही त्यांच्या डब्यावर आमचा हात चालवला, आणि आता तोही त्या डब्याचा भाग झाला आहे. हे बरोबर झाले की नाही, आम्ही सांगू शकत नाही. तुमच्या घरात वडिलांचे एखादे दुरुस्त करायला काढलेले घड्याळ असेल, आजीची कल्हई गेलेली परात असेल. काम सुरू करण्याआधी ते एकदा उलटे करून, आतून बघा. आधी कुणीतरी तिथे काही लिहून ठेवलेले असते.